लँडमास्टर की अँबेसेडर?

प्रश्न : आजोबांच्या वरातीच्या फोटोत गोलसर मोटार आहे, साल १९५८च्या आसपास. कुणी लँडमास्टर म्हणतं, कुणी अँबेसेडर. कसं ओळखावं? (एक वाचक, दर्यापूर तालुका)

उत्तर : आधी बॉनेट बघा. अँबेसेडरच्या बॉनेटवर दोन्ही बाजूंना लांब खोलगट पन्हळी असतात. लँडमास्टरचं साधं, गोल. अर्थात वरातीत बॉनेट हारांखालीच गेलेलं असतं! मग मागचं मडगार्ड पाहा. टोकाशी किंचित उभी कड दिसली तर अँबेसेडर, उतरतं गोल असेल तर लँडमास्टर. हे बारकावे दिसावेत म्हणून फोटो १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करा. अल्बममधून ओरबाडू नका, पापुद्रा निघतो. स्टिअरिंग गाडीच्या डाव्या बाजूला दिसलं तर पुरुषांच्या सदऱ्याचा खिसा तपासा. तो घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असेल तर निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे.