नेरुळच्या केअर होममध्ये आईला रात्री पलंगाला बांधतात, हे चालतं का?

नाही. 'रात्री माणसं कमी असतात' हे तुम्हाला मिळालेलं कारण तर मुळीच चालत नाही. आईचा डिमेन्शियासुद्धा (स्मृतिभ्रंश) मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मधल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत बसू शकतो. कलम 97 म्हणतं, तात्काळ इजा टाळायला दुसरा कोणताच उपाय नसेल तरच बांधावं, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि अगदी गरजेपुरताच वेळ. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे म्हणून बांधायला स्पष्ट मनाई आहे.

आधी आईची मनगटं बघा. मग लेखी विचारा: कोणी सांगितलं, किती वेळ, नोंद कुठे आहे? तोंडी विचारलं की 'काकू पडतील हो' एवढंच ऐकायला मिळतं. माझ्या मावशीच्या वेळी मी तेवढ्यावर गप्प बसले, त्याची बोच अजून आहे. ती रात्री उठायची ती लघवीसाठी, आणि सांगता येत नव्हतं म्हणून धडपडायची. झोपण्याआधी बाथरूमला नेणं, पलंग खाली घेणं, मंद दिवा, एवढ्याने बरंच भागलं. आई अचानक जास्त बेचैन झाली असेल तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा दुखणं आहे का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.

दाद लागली नाही तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567. वकील हवा असेल तर ठाण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रियांना तिथे मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. आणि हे सगळं आईलाही सांगा. समजो न समजो, तिच्याबद्दल चाललंय ते तिच्यासमोर बोललं जावं.