घानामध्ये ग्रासकटर पाळणे छोट्या शेतकऱ्याला खरोखर परवडते का?

घानातील खेड्यांत शेळ्या-कोंबड्यांप्रमाणे ग्रासकटर नावाचा गवत खाणारा, कुरतडणारा प्राणी पाळतात असे आपण ऐकले आहे आणि छोट्या शेतकऱ्याला तो व्यवसाय परवडतो का, असे विचारले आहे. मी टेचिमानजवळच्या एका गावात चार वर्षे राहिलो असून माझ्या घरमालकिणीकडे हे प्राणी होते. ज्याच्याकडे धीर आहे आणि रोज गवत कापून आणणारे माणूस घरात आहे, त्याला ते परवडते. झटपट पैसा हवा असणाऱ्याला नाही.

तेथे त्याला अक्रांतिये म्हणतात. चित्रात तो मोठ्या घुशीसारखा दिसतो, पण नात्याने सायाळीला अधिक जवळचा आहे. पश्चिम आफ्रिकेत त्याच्या मांसाला फार मान आहे. शिकारी त्याला हुसकावण्यासाठी रान पेटवतात आणि ती आग कित्येकदा शेतांत शिरते, म्हणून शेजारच्या बेनिनमध्ये १९८० च्या दशकापासून तो बंदिस्त पाळण्याचे पद्धतशीर प्रयत्न झाले आणि तेच वळण पुढे घानातही रुजले.

आता हिशेब पाहा. मादी सुमारे १५२ दिवस गाभण राहते, म्हणजे जवळजवळ शेळीइतकी. सशाला मात्र एकच महिना पुरतो. एका वेतात सरासरी चार पिल्ले होतात आणि वर्षातून फार तर दोन वेते मिळतात. पिल्ले केसाळ व उघड्या डोळ्यांनीच जन्मतात, त्यामुळे ती लवकर खाऊ लागतात, तरीही विक्रीयोग्य व्हायला आठ-दहा महिने सहज जातात. एक नर आणि चार माद्यांनी आरंभ करणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षी हाती फारसे काही लागत नाही. प्रशिक्षणात हे स्पष्ट सांगितले जात नाही, याचे मला फार वाईट वाटते, कारण कर्ज काढून पिंजरे बांधलेली आणि दुसऱ्या वर्षी ते रिकामे ठेवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

‘चारा फुकट’ हे वाक्यही अर्धेच खरे आहे. आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी लावतात तेच नेपियर आणि गिनी गवत तेथे रानोमाळ वाढते. परंतु हा प्राणी जाड कांडी कुरतडतो आणि पाने बहुतेक टाकून देतो. सकाळी घरमालकीण पिंजरा उघडायची, तेव्हा पानांचा हा ढीग खाली साचलेला असे. दवाने ओले गवत दिल्यास पोटफुगी होऊन प्राणी दगावतो, म्हणून ती ते आदल्या दिवशी कापून सावलीत सुकवत असे. हरमटनच्या कोरड्या वाऱ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीमध्ये, गवत करपते आणि तेव्हा कसावा या कंदाच्या उन्हात वाळवलेल्या सालींवर व मक्यावर भागवावे लागते.

पिंजऱ्याच्या लाकडाला आतून जाळी हवीच, नाहीतर सतत वाढणाऱ्या दातांनी ते एका रात्रीत पोखरले जाते. दोन प्रौढ नर एकत्र ठेवल्यास ते एकमेकांना फाडतात. पकडताना शेपटीच्या टोकाला हात लावू नये, कारण ती तुटून हातात येते. अनोळखी माणूस जवळ गेला की तो मागचे पाय आपटून शिट्टी घालतो आणि बुजून भिंतीवर आदळतो. म्हणूनच ती बाई स्वतःच, रोज त्याच वेळी, हळू आवाजात बोलत चारा टाकायची.

तिने दोन माद्यांपासून सुरुवात केली होती, आणि आपल्या ओळखीचे कोणी तेथे हा व्यवसाय करणार असेल तर त्यालाही मी तेवढ्याच संख्येपासून सुरुवात करायला सांगेन.