लॅब्राडोरसाठी घरी बिस्किटं करायची आहेत. कणीक, गूळ आणि तूप घालून केली तर चालतील का?

गूळ आणि तूप दोन्ही वगळा, कणीक चालेल. पण नाचणी आणि ओट्स घेतलेत तर जास्त बरं.

तुम्ही लिहिलंय की तुमची लॅब तीन वर्षांची आहे, घरातल्या सगळ्यांच्या चहाबरोबर तिला ग्लुकोज बिस्किटं मिळतात, वजन वाढलंय आणि डॉक्टरांनी ती बिस्किटं बंद करायला सांगितली आहेत. डॉक्टरांचं बरोबर आहे. त्या बिस्किटांत वजनाच्या जवळपास पाव हिस्सा साखर असते, शिवाय मैदा आणि तेल. एकेक बिस्किट वीस-बावीस कॅलरींचं. 30 किलोच्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या लॅबला दिवसाला साधारण 1,400 कॅलरी पुरतात आणि वरच्या खाऊचा वाटा त्यातल्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे 140. सकाळच्या चहाला आजोबांनी तीन, संध्याकाळी मुलांनी चार दिली की कोटा संपून वर गेला. वजन कमी करायचं असेल तर हे आकडे आणखी खाली येतात.

आणि ती सारखी मागते म्हणून तिला हावरट म्हणू नका. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत नीट पोचायला हे जनुक लागतं. त्या बिचारीला खरंच भूक लागलेली असू शकते. म्हणूनच माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हे की पाककृतीपेक्षा तुकड्याच्या आकाराकडे लक्ष द्या. तिला ‘किती वेळा मिळालं’ हे कळतं, ‘केवढं मिळालं’ याचं तिला फारसं काही नसतं. बोटाच्या नखाएवढा तुकडा दिलात तरी शेपटी तेवढीच हलते.

आता कृती. माझ्याकडे एक देशी कुत्रा आहे, आणि सोसायटीतल्या बऱ्याच कुत्र्यांसाठीही मी हाच खाऊ भाजते. 100 ग्रॅम नाचणीचं पीठ, 100 ग्रॅम ओट्स मिक्सरमधून बारीक करून, 100 ग्रॅम लाल भोपळा वाफवून, निथळून, कुस्करून, आणि एक अंडं. यात दोन चमचे शेंगदाण्याची पेस्ट घालता येते, पण ती घरी केलेली, भाजलेल्या दाण्यांची, मीठ-साखर न घातलेली. वजन उतरवायचं असल्याने तुम्ही त्याऐवजी उकडलेलं, बिनहाडाचं, बिनमिठाचं चिकन बारीक करून घाला. मीठ नाही, साखर नाही, बेकिंग पावडरही नाही. फुगवायचं कशाला? आपल्याला कडक, कोरडा तुकडा हवाय.

नाचणीला चिकटपणा नसतो, त्यामुळे लाटताना कडा फाटतात. गोळा दहा मिनिटं झाकून ठेवा, ओट्स ओलावा पितात आणि पीठ एकजीव होतं. पाणी शक्यतो घालू नका, अगदी कोरडं वाटलं तर हात ओला करून मळा. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटायची आणि शंकरपाळ्यांच्या कातणीने दीड सेंटिमीटरचे चौकोन पाडायचे. एवढ्या पिठात पावणेतीनशे-तीनशे तुकडे सहज होतात आणि एकेक तुकडा तीन-साडेतीन कॅलरींचा बसतो. एका ग्लुकोज बिस्किटाच्या जागी सहा तुकडे!

ओव्हन 160 अंशांवर ठेवून 25 ते 30 मिनिटं भाजा. मग ओव्हन बंद करा, पण ट्रे बाहेर काढू नका, तो आत तसाच गार होऊ द्या. खरा वाळवायचा भाग हाच आहे. गार झालेला तुकडा मोडल्यावर कट् असा आवाज यायला हवा आणि आतला रंग बाहेरच्यासारखाच दिसायला हवा. मध्ये गडद, दमट रेघ दिसली तर पुन्हा 120 अंशांवर पंधरा मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत स्टँडवर ताटली ठेवून, झाकून, मंद आचेवर चाळीस मिनिटं. ते तुकडे जरा मऊ राहतात, म्हणून फ्रिजमध्येच ठेवायचे आणि चार दिवसांत संपवायचे.

कडक झालेले घट्ट झाकणाच्या बरणीत आठवडाभर टिकतात, पण पावसाळ्यात तेवढाही भरवसा धरू नका. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर सरळ फ्रीजरमध्ये टाका. बुरशीचा डाग दिसला तर तेवढा भाग काढून बाकीचं देणं हा काटकसरीचा मार्ग इथे नको, सगळी बरणी टाकून द्या. शेंगदाण्यांचंही तसंच. खवट किंवा काळपट दाणा म्हणजे अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची शक्यता, आणि कुत्र्यांच्या यकृताला ते फार लवकर बाधतं. 2020 च्या अखेरीस अमेरिकेत याच विषामुळे कुत्री दगावली आणि बाजारातलं कोरडं खाद्य परत मागवावं लागलं.

चवीसाठी गूळ हवा असं आपल्याला वाटतं, कारण आपण जिभेने खातो. कुत्रा आधी नाकाने खातो. वास हवा असेल तर चमचाभर कलेजी उकडून, वाटून पिठात घाला, ओव्हन तापायच्या आत तुमची लॅब स्वयंपाकघरात हजर होईल. मात्र कलेजीत अ जीवनसत्त्व खूप असतं आणि ते शरीरात साठतं, म्हणून चमचाभर म्हणजे चमचाभरच. तूप वगळायला सांगितलं त्यामागे वजन हे एक कारण, पण स्निग्ध खाण्यामुळे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका हे त्याहून मोठं. दिवाळीत चकल्या-करंज्या ‘एकच दे’ म्हणून दिल्या जातात, तेही टाळा.

आता ज्यावर मी अजिबात तडजोड करत नाही ते. तासगावचे बेदाणे असोत नाहीतर नाशिकची द्राक्षं, कुत्र्याला एकही नको, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. याचं कारण टार्टारिक आम्ल असावं असं मत 2021 पासून पशुवैद्यांमध्ये पुढे आलंय, आणि हेच आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा आमटीत बुडवलेली चपातीही नको, त्यात वर कांदा-लसूण असतो आणि तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. चॉकलेट आणि कोको नाही. केकसारखा वास यावा म्हणून जायफळ नाही. कच्चं यीस्टचं पीठ पोटात फुगतं आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं, म्हणून ब्रेड-पावासाठी मळलेलं पीठ ओट्यावर उघडं ठेवू नका. विकतचं पीनट बटर घेणार असाल तर डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. ‘शुगर फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डब्यांत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो. त्याने कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या तासातही कोसळू शकते आणि यकृतावरही परिणाम होतो. यातलं काही खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. उलटी करवायला मिठाचं पाणी पाजायचा घरगुती उपाय जिवावर बेतू शकतो.

पहिल्यांदा कराल तेव्हा पाच-सहा तुकडेच द्या आणि दोन दिवस शी बघा. खाज किंवा जुलाब दिसले तर आधी अंडं काढून बघा, मग ओट्स. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

राहिला प्रश्न घरच्यांचा, आणि तो खाऊ भाजण्यापेक्षा अवघड आहे. रोज सकाळी एका वाटीत पंचवीस तुकडे मोजून ठेवा आणि तेवढ्या कॅलरींचं खाणं तिच्या जेवणातून कमी करा. आजोबांनी, मुलांनी, तुम्ही, सगळ्यांनी त्याच वाटीतून द्यायचं. आजोबांचा हात थांबवू नका, त्यांच्या चहाची ती वेळ दोघांनाही हवी असते, फक्त त्यांच्या हातात बिस्किटाऐवजी हे तुकडे असू देत. वाटी रिकामी झाल्यावरही ती दारात येऊन बसली तर काकडीची चकती द्या. बऱ्याच लॅबना कुरकुरीत आवाज आवडतो, आणि काकडीत जवळजवळ सगळं पाणीच असतं.