बोर्ड स्वस्त आहे, पण घरी येईपर्यंत?

पावसाळ्यात मला येणारा प्रश्न ठरलेला असतो: ‘जुहूला लाटा मस्त आहेत, उतरू का?’ त्याचं उत्तरही ठरलेलंच, नाही. नारळी पौर्णिमा उलटली की सूर बदलतो आणि खरेदी सुरू होते. यंदा बहुतेकांच्या डोक्यात एकच गोष्ट आहे: ऑनलाइन दिसणारा, बाहेरच्या देशातला स्वस्त सर्फबोर्ड. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

परदेशी साइटवर आठ फुटी सॉफ्ट बोर्ड दहा हजारांच्या आसपास दिसतोय. इथला विक्रेता तसाच बोर्ड दुपटीहून जास्त सांगतो. मी विरारजवळ राजोडीला काही वेळा शिकायला गेलोय, लाटेवर उभा राहतो. मागवून टाकू का? (बोरिवली)

बोर्डाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या किमतीबद्दल, कारण ती अर्धीच सांगितलेली असते.

आधी बोर्डाचं बघू. ‘चिनी, तैवानी म्हणजे टाकाऊ’ हे डोक्यातून काढा. थायलंडमधल्या कोब्रा या कारखान्यात कितीतरी नामांकित ब्रँडचे बोर्ड तयार होतात. अमेरिकेत कॉस्टकोच्या दुकानांत वेव्हस्टॉर्म नावाचा आठ फुटी बोर्ड कित्येक वर्षं शंभर डॉलरच्या आसपास मिळायचा, तोही तैवानी कंपनीचा. जाणकारांनी नाकं मुरडली, आणि नवशिके त्याच्यावरच शिकले. आत थर्माकोल, त्यात उभ्या लाकडी पट्ट्या, वर मऊ फोम, खाली गुळगुळीत प्लास्टिक. डोक्यात बसला तर टेंगूळ येईल, टाके सहसा पडणार नाहीत. शिवाय त्याचं आकारमान 86 लिटर, म्हणजे माणसाला तो सहज तरंगता ठेवतो. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. मुंबईसमोरचा समुद्र लांबवर उथळ असल्यामुळे लाट किनाऱ्याला येईपर्यंत तिचा दम बराचसा गेलेला असतो. अशा लाटेवर छोटा, पातळ बोर्ड नुसता बुडबुडतो. म्हणून साइटवर लिटरचा आकडा दिलेला नसेल तर तो बोर्ड सोडून द्या. सत्तर किलोच्या नवशिक्याने सत्तर-पंचाहत्तर लिटरच्या खाली उतरू नये.

आता किंमत. हवाई कुरियरवाले वजन नुसतं काट्यावर करत नाहीत, खोक्याच्या मापावरही काढतात आणि जे जास्त येईल ते धरतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000. आठ फुटी बोर्डाचं खोकं 250 बाय 62 बाय 14 धरा. हिशेब येतो 43 किलोंचा. बोर्ड खरा पाच-सहा किलोंचा, भाडं त्रेचाळीस किलोंचं! पुढे कस्टम्स ड्युटी लागते ती नुसत्या बोर्डाच्या किमतीवर नाही, भाडं आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर. तिच्यावर सरचार्ज, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. म्हणजे भाड्यावरही कर भरायचा. एवढं करून खोकं उघडल्यावर बोर्ड कोपऱ्यात चेपलेला निघाला तर परत कोणाला पाठवणार? फोटो पाठवत बसाल, ते पुढच्या खरेदीवर पाच टक्के सूट देतील.

त्यामुळे एकटा बोर्ड कुरियरने मागवू नका. जो विक्रेता न्हावा शेव्याला कंटेनरमधून एकगठ्ठा माल उतरवतो, त्याची दुप्पट किंमत मला तरी लूट वाटत नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर गोव्यातल्या सर्फ स्कूलवाल्यांना मे महिन्यात फोन केला असता. सीझन संपताना त्यातले काही जण वापरलेले बोर्ड काढून टाकतात.

मुलगा तेरा वर्षांचा आहे. सुट्टीत गोव्याला सर्फिंग कॅम्प करून आल्यापासून त्याला मोठ्या खेळाडूंसारखा पाच फूट दहा इंची, टोकदार, कडक बोर्ड हवाय. बाहेरून स्वस्तात मिळतोय. वाढदिवसाला द्यावा का? (डोंबिवली)

नको. कॅम्पमध्ये तो लाटा पकडत होता तो मोठ्या मऊ बोर्डावर. या बोर्डावर तो हात मारून मारून दमेल, लाटा खालून निघून जातील आणि दिवाळीनंतर बोर्ड कपाटामागे जाईल. शिवाय टोक आणि फिन्स (बोर्डाखालचे पंख) दोन्ही लागतात, आणि चांगलेच लागतात.

कडक बोर्डात स्वस्ताई नेमकी कुठे केली जाते तेही सांगतो. साधारण चांगल्या बोर्डावर, पाय ठेवतो त्या बाजूला चार औंसाच्या फायबरग्लास कापडाचे दोन थर असतात, खालच्या बाजूला एक. वरचा एक थर वाचवला की बोर्ड हलका होतो, फोटोत सुंदर दिसतो, आणि चार दिवसांत टाचांचे खड्डे पडतात. मऊ बोर्ड स्वस्तातला चालतो. कडक बोर्ड स्वस्तातला घेऊ नये, हे माझं ठाम मत. मुलगा वाढतोय, दरवर्षी त्याचं माप बदलणार. आत्ता पुढच्या कॅम्पची फी आणि एक रॅश गार्ड (अंग खरचटू नये म्हणून घालायचा तंग टी-शर्ट) द्या. आणि त्याला तलावात नाही, समुद्रात पोहता येतं का, ते आधी बघा.

वर्सोव्यात एक जण साडेसात फुटी कडक बोर्ड विकतोय. ‘इम्पोर्टेड आहे, फार वापरलेला नाही’ म्हणतो. पिवळा पडलाय. काय बघून घेऊ? (अंधेरी)

पिवळेपणाला घाबरू नका. आतला पॉलियुरेथेन फोम आणि वरच्या कवचातलं पॉलिएस्टर रेझिन उन्हात पिवळं पडतंच. मात्र ‘फार वापरलेला नाही’ हे वाक्य आणि गडद पिवळा रंग एकत्र आले की मालकाचं बोलणं जरा कमी ऐकायचं.

संध्याकाळी जाऊ नका, उन्हात बघा. वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून चोळलेलं मेण, खरवडून काढायला सांगा, कारण वॅक्सखाली बरंच काही लपतं. मग अंगठ्याने सगळीकडे दाबत जा, विशेषतः छातीच्या आणि मागच्या पायाच्या जागी. अंगठा आत जाऊन कवच पुन्हा वर येत असेल, तर ते आतल्या फोमपासून सुटलंय. बोटाच्या पेराने टकटक करा: चांगल्या जागी आवाज कोरडा, घट्ट येतो, सुटलेल्या जागी पोकळ आणि भसाडा. एखाद-दुसऱ्या ठिकाणी असेल तर पैसे कमी करून घ्या. हातभर पट्टा असेल तर नमस्कार करून निघा.

बोर्ड आडवा धरून वर-खाली नजर फिरवा. रुंदीत जाणारी बारीक रेघ एकाच जागी दोन्ही बाजूंना दिसली, तर बोर्ड एकदा दुमडलेला आहे. वर कितीही सफाईने रंग मारला असला तरी तो तिथेच मोडणार. मग फिन बसतात ती खोबण आणि लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) अडकवायचं भोक बघा. केसासारख्या भेगा सगळ्यात आधी तिथेच पडतात आणि पाणी तिथूनच शिरतं. शेपटी खाली करून तासभर उन्हात उभा ठेवा. भेगेतून तपकिरी थेंब आला की समजायचं, आत समुद्र भरलाय. वजनाचा काटा सोबत न्या: बोर्ड घेऊन उभे राहा, मग एकटे. फरक त्या मापाच्या बोर्डापेक्षा दोन-तीन किलो जास्त निघाला, तर ते पाणी आहे.

शेवटचं, फिन्स. फिनच्या तळाला दोन छोटे खुंट असतील तर ती जुनी एफसीएस पद्धत, एकच लांब पट्टी असेल तर फ्यूचर्स. ही एकमेकांत बसत नाहीत. खोबण या दोन्हींपैकी कुठलीच नसेल, कारखान्याची स्वतःची काहीतरी वेगळीच असेल, तर एक फिन तुटली की मुंबईत तशी दुसरी शोधत बसावं लागेल. स्वस्त बोर्डांत हे हमखास सापडतं.

माझ्या एपॉक्सी बोर्डाला खडकावर आपटून खड्डा पडलाय. इथे होड्यांचं फायबरचं काम करणारे आहेत, ते शंभर-दोनशेत करून देतो म्हणतात. देऊ का? (वसई)

थांबा! होड्यांच्या कामाला सर्रास वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन, एपॉक्सी हे वेगळ्या जातीचं रेझिन. त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, आणि एपॉक्सी बोर्डाच्या आत बहुधा थर्माकोलच असतं. नखाएवढ्या खड्ड्याची डोळ्यांदेखत वाटी होईल. कारागीर वाईट नाही, त्याच्या होडीला ते बरोबरच आहे. बोर्ड दोन-तीन दिवस सावलीत वाळवा, एपॉक्सी रेझिन आणि कापडाचा तुकडा तुम्हीच आणून द्या आणि त्याच्याच हाताने लावून घ्या. हात त्यांचा छान असतो. अगदी बारीक चीर असेल तर घरचं अरल्डाइट चालेल, तेही एपॉक्सीच. उलट, एपॉक्सी पॉलियुरेथेन बोर्डालाही चालतं. त्यामुळे आपला बोर्ड कुठल्या जातीचा हे माहीत नसेल तर डोळे मिटून एपॉक्सी.

वन रूम किचनमध्ये राहतो. हवा भरायचा बोर्ड घेतला तर कपाटात मावेल. त्यावर सर्फिंग जमेल का? (परळ)

कपाटात मावेल, लाटेवर फारसं जमणार नाही. हे बोर्ड बहुतेक उभ्याने वल्हवायचे असतात. 15 पीएसआयपर्यंत (हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरली की कडक होतात, पण कडा जाड आणि गोल असल्यामुळे लाटेच्या अंगात रुतत नाहीत. संथ पाण्यावर मात्र मजा आहे. पंपाला दाब दाखवणारा काटा नसेल तो संच घेऊ नका, आणि भरलेला बोर्ड उन्हात वाळूवर टाकून वडापाव खायला जाऊ नका. आतली हवा तापून शिवण उसवते. सर्फिंगच करायचं असेल तर बोर्ड घेऊच नका, तासावर भाड्याने मिळतो.

भाऊ ऑस्ट्रेलियातून येतोय. त्याच्याबरोबर बोर्ड मागवला तर सगळा खर्च वाचेल ना? (दादर)

कुरियरचा वाचेल. पण तिकीट काढण्याआधी त्याला एअरलाइनला लांबीची मर्यादा विचारायला सांगा. काही कंपन्या ठरावीक लांबीपुढचा बोर्ड घेतच नाहीत, काही घेतात आणि वेगळे पैसे लावतात. बिल जवळ ठेवायचं, विमानतळावर कस्टम्सने विचारलं तर दाखवायला. फिन्स काढून, टोकाला आणि शेपटीला जुने टॉवेल गुंडाळून, मग बॅगेत. आणि लीश तिकडूनच नवी आणायला सांगा, बोर्डाच्या लांबीइतकीच. स्वस्त बोर्डाबरोबर फुकट येते तिचा पायाचा पट्टा आणि फिरती कडी आधी बघा. पट्टा धरत नसेल किंवा कडीवर गंज दिसला तर ती लीश फेकून द्या.