गुडघे दुखतात, तरी वरच्या पाखाडीने?

पत्र

ताई, माझं वय 64. नोकरी संपवून आंजर्ल्याला मूळ घरी राहतो. लहानपणापासून माझी एकच जागा, सुरूच्या बनाच्या टोकाला. डाव्या हाताला सुवर्णदुर्ग दिसतो. तिथे तासभर बसलं की जिवाला बरं वाटायचं. गेल्या दिवाळीपासून दहा मिनिटंही बसवत नाही. आतून कालवाकालव होते, उठून घरी येतो. तपासण्या केल्या, सगळं ठीक आहे. फक्त गुडघे गेलेत, चढउतार करू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. हल्ली समुद्रावर वरच्या पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने जातो, कारण खालच्या वाटेवर चुलत वहिनींचं घर लागतं आणि बोलण्यात वेळ जातो. बाकी छान आहे. निसर्ग वादळात झोपलेली आमची 18 गुंठ्यांची सामायिक वाडी मी पुन्हा उभी केली, यंदा पोफळी धरल्या, सुपारीचे घोस लागले. तेव्हा भरपाईसाठी वहिनींनी लगेच संमतीपत्र दिलं होतं. रोपं-खताच्या गडबडीत त्यांचे पैसे वेगळे काढायचे राहून गेले, पण त्यांनी कधी विषय काढला नाही. किनाऱ्यावर आता पर्यटकांच्या गाड्या, आरडाओरडा असतो. त्यानेच जागेची शांतता गेली असेल का? इगतपुरीला विपश्यनेला जाऊ, की दुसरी एखादी जागा शोधू?

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या पाखाडीपाशी अडखळले.

डॉक्टर चढउतार नको म्हणतात आणि तुम्ही रोज संध्याकाळी वरच्या पाखाडीने जाता. आपल्याकडच्या जांभ्याच्या पायऱ्या मला ठाऊक आहेत. एक पाय खाली टाकायचा, दुसरा त्याच्या शेजारी आणून ठेवायचा, हात गडग्यावर. आणि हे कशासाठी, तर बोलण्यात वेळ जातो! अहो, तुम्ही निवृत्त आहात, पुळणीवर बसायलाच निघालेले आहात. वहिनींच्या ओटीवर दोन शब्द बोलायला लागणारा वेळ वाचवून तुम्ही कुठे नेणार होतात?

गाड्यांचं म्हणाल तर ते खरं आहे, किनाऱ्यावर गाड्या घालणाऱ्यांविरुद्ध ग्रामपंचायतीत जरूर बोला. पण गाड्या काही दिवाळीपासून सुरू झालेल्या नाहीत. दिवाळीपासून नवं असं एकच घडलंय, ते तुम्हीच लिहिलंय. पोफळी धरल्या.

माझं माहेर त्याच किनाऱ्यावरचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर कित्येक दिवस आईशी बोलणं झालं नव्हतं. वीज नाही, फोन नाही, त्यात कोरोना, मुंबईहून कोणी येऊ शकत नव्हतं. शेवटी पोचले तेव्हा आमच्या वाडीतून थेट समुद्र दिसत होता. त्या घरात मी लहानाची मोठी झाले, तिथून समुद्र कधी दिसला नव्हता. आई पडलेल्या पोफळींकडे पाठ करून बसायची. अशा दिवसांत पंचनाम्याचे कागद फिरत होते. सातबारावर दोन नावं असली की एकाच्या खात्यात पैसे यायला दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं. तुमच्या वहिनींनी ते लगेच दिलं. का दिलं असेल? घरातलाच माणूस आहे, बँकेच्या खेपा कोण घालणार, भाऊजी बघतील. एवढाच विचार केला असणार त्या माउलीने. विषय काढला नाही याचा अर्थ विसरल्या असा तुम्ही लावलात. मी लावत नाही. बायकांना असे आकडे पाठ असतात, त्या फक्त बोलून दाखवत नाहीत.

आता तो आकडा आपण मांडू. सरकारने फळबागांना हेक्टरी 50 हजार जाहीर केले, म्हणजे गुंठ्याला 500. 18 गुंठ्यांचे 9 हजार. दोघांत वाटले तर वहिनींचे साडेचार हजार.

साडेचार हजारांसाठी तुम्ही जन्मभराची जागा घालवून बसलात. मला याचं खरंच वाईट वाटतं आणि रागही येतो. तुम्ही लबाड असतात तर पत्रात ती ओळ आलीच नसती. तुमचं मन तुम्हाला खातंय. रोपं लहान होती तोवर ते गप्प राहिलं, कारण वाडीतून काही येतच नव्हतं. आता घोस लागले, सुपारी पाडायला माणूस बोलवावा लागेल आणि अर्धी कोणाच्या खळ्यात वाळत पडणार हे ठरवावं लागेल. पहिल्या वेळचे राहून गेले ते गेले, याही वेळी राहून जाणार का? तिथे बसलं की हेच वर येतं. घरात टीव्ही असतो, फोन असतो. तिथे समोर नुसतं पाणी. म्हणून तुम्ही दहा मिनिटांत उठता. ती जागा बिघडलेली नाही हो, तिथे तुम्हाला स्वतःचं ऐकू येतंय.

दुसरी जागा शोधू नका. तिथेही दहा मिनिटांत हेच होईल. इगतपुरीबद्दल मला आदर आहे, पण तिथे दहा दिवसांतले बहुतेक दिवस मौन पाळावं लागतं आणि तुम्ही वहिनींपुढे इतकी वर्षं मौनच पाळलंय. आधी बोला. शिबिराला मग खुशाल जा.

उद्या संध्याकाळी खालच्या वाटेने निघा. खिशात पाकीट, पाकिटात पाचशेच्या नऊ नोटा. ओटीवर बसा आणि म्हणा, 'वहिनी, हे तुमचे पैसे. मी तेव्हाच द्यायला हवे होते, दिले नाहीत.' एवढंच. 'राहून गेले' म्हणायचं नाही, तो शब्द पत्रातच ठेवा. खताचा, मजुरीचा हिशेबही काढायचा नाही. वाडी तुम्ही उभी केलीत, कष्ट तुमचे, हे मला मान्य आहे. त्या कष्टांचं काय धरायचं ते सुपारी निघेल तेव्हा त्यांच्यासमोर बसून ठरवा, पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी तुम्ही फक्त देणेकरी.

त्या म्हणतील, 'असू दे हो भाऊजी, कशाला.' पाकीट परत घेऊ नका. किंवा काहीच म्हणणार नाहीत, पदराने डोळे पुसतील किंवा चार शब्द सुनावतील. सुनावलं तर ऐकून घ्या, तेवढा त्यांचा हक्क आहे. माझा अंदाज विचाराल तर त्या आत जातील आणि कोकम सरबत घेऊन येतील. घाई न करता प्या. समुद्र कुठे जात नाही, आणि एक दिवस उशीर झाला तर सूर्यास्त त्यांच्या ओटीवरून बघा.

नोटा आजच काढून ठेवा. उद्या निघाल्यावर दोन्ही वाटा फुटतात तिथे पाय सवयीने वर वळतील. तेवढ्या ठिकाणी जपा.