थ्रीडी चित्रांपलीकडचे घर

प्रश्न : दादरमधील आमच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास होणार आहे. सोसायटीच्या सभेत आर्किटेक्टनी पडद्यावर नव्या घरांची थ्रीडी चित्रे दाखवली. ती फारच सुंदर आहेत, पण प्रत्यक्ष घर कसे असेल याचा अंदाज आम्हा सभासदांना येत नाही. त्यांच्याकडे आणखी काय मागावे?

उत्तर : थ्रीडी चित्रावरून रंग, साहित्य आणि एकंदर वातावरण कळते, मापे मात्र कळत नाहीत. संगणकातील कॅमेऱ्याला बहुधा रुंद कोनाची लेन्स दिलेली असते आणि पुष्कळदा तो भिंतीच्याही मागे ठेवता येतो, त्यामुळे १० फुटांची खोली चित्रात ऐसपैस भासते. म्हणून माणूस खरोखर उभा राहू शकेल अशा जागेवरून, डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले चित्र अवश्य मागावे.

खरा आधार नकाशाचाच. तो १:५० प्रमाणात (कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात ५० सेंटिमीटर), फर्निचर खऱ्या मापात दाखवलेला असावा. १० बाय १० फुटांच्या खोलीत ५ फूट रुंद पलंग आणि त्याच्या बाजूच्या भिंतीला २ फूट खोल कपाट ठेवले, की त्या दिशेला उरतात ३ फूट. त्यातच कपाटाचे दार उघडायचे आणि पलंगाभोवती वावरायचे. ही अडचण नकाशावर पट्टी ठेवताच लक्षात येते, रंगीत चित्रात ती सहज झाकली जाते.

सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, सभासद क्वचितच मागतात, याचे मला वाईट वाटते. तुळईखाली किती उंची उरते आणि खिडकीवर छज्जा किती पुढे येतो, हे त्यातच दिसते. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांच्या मुंबईतील कांचनजंगा इमारतीतील (१९८३) दुमजली उंचीच्या गच्च्या ऊन आणि पाऊस घरापासून दूर कशा ठेवतात, हे सेक्शन पाहिल्यावरच नीट उमजते.

शक्य असल्यास सध्याच्या गच्चीवर खडूने एक घर पूर्ण मापात आखून घ्यावे आणि ज्येष्ठ सभासदांना त्यातून चालू द्यावे. थ्रीडी चित्रांच्या कोपऱ्यात ती केवळ कल्पनाचित्रे असल्याची बारीक टीप बहुधा असते. म्हणून मापे लिहिलेला नकाशाच करारनाम्याला जोडला जाईल, याची खात्री कमिटीने सह्या होण्यापूर्वी करून घ्यावी.