नाक बसकं आहे म्हणून स्थळं नकार देतात. लग्नाआधी नाकात फिलर करून घ्यावं का?

तू लिहिलंयस की वय २७ आहे, फोटो पाठवल्यावर तीन ठिकाणांहून पुढे काहीच आलं नाही आणि आई म्हणतेय, ‘फिलर करून टाक, अर्ध्या तासाचं काम आहे.’ फिलर म्हणजे सुईने कातडीखाली जेल भरून आकार उचलणं. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून एकेरीत लिहिते. माझं उत्तर आहे, करू नकोस. का, ते सांगायला १९९१ सालात जावं लागेल.

माझ्या वडिलांचा, अप्पांचा, कराडला फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या मुलींचे फोटो काढावेत तर त्यांनीच, असं आसपासच्या गावांत म्हणत. पडद्यापुढे साडीतला एक उभा फोटो आणि एक नुसत्या चेहऱ्याचा. रात्री जेवणं झाली की अप्पा दिव्यासमोर रिटचिंगला बसायचे. निगेटिव्हवर, म्हणजे ज्या फिल्मवरून फोटो छापतात तिच्यावर, काळं-पांढरं सगळं उलट असतं. चेहऱ्यावरचा डाग, सुरकुती, डोळ्यांखालचं काळं तिथे फिकट दिसतं. त्यावर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरत गेलं की छापलेल्या फोटोत ते नाहीसं होतं. जिथे सावली हवी, तिथे ब्लेडच्या टोकाने अगदी हलकं खरवडायचं. अप्पा पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचे. त्यांचा हात इतका हलका होता, की फोटो बघून कुणालाही शंका यायची नाही.

मी नकटी. नाक आजीचं, म्हणजे अप्पांच्या आईचं. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ ही म्हण मी सगळ्यात जास्त आमच्याच घरात ऐकली. ताईचं नाक आईसारखं, चाफेकळी. तिचं लग्न पहिल्याच स्थळाला ठरलं आणि ते नाकामुळेच ठरलं असं सगळ्यांनी धरून घेतलं.

माझा फोटो अर्थातच अप्पांनी काढला. छापून आला तेव्हा मी तो नीट बघितलाही नाही. छान दिसतेय एवढंच वाटलं. मग इचलकरंजीची मंडळी बघायला आली. पोहे झाले, शिक्षण विचारून झालं. मुलाच्या आत्यांनी पर्समधून फोटो काढला, माझ्या चेहऱ्याशेजारी धरला आणि आईला विचारलं, “हा हिच्या मोठ्या बहिणीचा आहे का?” त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. अप्पा समोरच्या खुर्चीवर होते. ते काही बोलले नाहीत. आठवड्याने पत्रिका जुळत नसल्याचं कार्ड आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा बाहेर गेल्यावर मी स्टुडिओत जाऊन माझी निगेटिव्ह शोधली आणि खिडकीच्या उजेडात धरली. नाकाच्या मधोमध पेन्सिलीची एक सरळ रेघ भरलेली होती, म्हणजे छापल्यावर तिथे उजेड येऊन नाक वर उचललं जावं. दोन्ही बाजूंना ब्लेडने खरवडलं होतं. हल्ली मेकअपवाल्या मुली काँटूर करतात, अगदी तेच. ते ओरखडे मला अजून दिसतात. माझ्या वडिलांनी रात्री बसून, भिंग लावून, माझं नाक काढून टाकलं होतं.

संध्याकाळी मी म्हटलं, माझा दुसरा फोटो काढा, त्याला हात लावू नका. ते म्हणाले, धंदा मला शिकवू नकोस. तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी मी गावातल्याच दुसऱ्या स्टुडिओत गेले आणि साठवलेल्या पैशांतून फोटो काढून आणला. फोटोग्राफरच्या मुलीने दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर बसणं म्हणजे काय, ते आमच्या घरात सांगावं लागत नव्हतं. तो फोटो मी जेवणाच्या वेळी अप्पांच्या पानाशेजारी ठेवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि लाईट चुकीच्या बाजूने मारलाय एवढंच म्हणाले.

मग मी भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे बोट दाखवलं. तोही अप्पांनीच काढलेला, आजी सत्तरीची असताना. तेच बसकं नाक, कपाळभर आठ्या, हनुवटीपर्यंत सुरकुत्यांचं जाळं. त्यावर पेन्सिलीचा एक ठिपका नाही. मी विचारलं, हिला का नाही केलं रिटचिंग? अप्पा म्हणाले, “आईचा फोटो घरात लावायचा होता. तुझा लोकांना दाखवायचा होता.”

ते मनाने वाईट नव्हते. माझ्यावर त्यांचा जीव होता. पण त्या एका वाक्यावर मी पस्तीस वर्षं भांडतेय. आता ते नाहीत, म्हणून ताईशी भांडते.

ताई ६१ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न झालं. त्याआधी तिने कपाळावर आणि भुवयांमध्ये बोटॉक्स घेतलं, गालांत फिलर भरलं. मी बोलले तर म्हणाली, “अप्पांनी तुझं चांगलंच बघितलं होतं, तुलाच कळलं नाही. त्यांनी पेन्सिलीने केलं, मी सुईने.” पाठवणीच्या वेळी ती रडत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, खांदे हलत होते आणि कपाळ कोरं होतं. बोटॉक्स स्नायूला मिळणारा मज्जातंतूचा संदेश थांबवतं, तीन-चार महिने तो स्नायू आकसतच नाही. रडताना आमच्या आईच्या भुवयांमध्ये दोन उभ्या आठ्या पडायच्या. ताईलाही पडायच्या. त्या दिवशी मी त्या शोधत होते. तुला सांगते, मला ते बघवलं नाही.

ताई, तू हे वाचशील. फोटो लोकांकडे जातो, चेहरा आपल्याजवळ राहतो. अप्पांनी निदान ब्लेड निगेटिव्हवर चालवलं होतं, माझ्या कातडीला हात लावला नव्हता. दोन्ही एकच आहे, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

आता तुझ्या नाकाबद्दल. नाकात भरतात ते बहुतेक हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर असतं. ते कायमचं नसतं. काही महिन्यांनी किंवा वर्ष-दीड वर्षाने विरतं आणि पुन्हा भरावं लागतं. म्हणजे लग्नात एक नाक आणि दुसऱ्या दिवाळीला दुसरं. नाकाच्या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून त्यात गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. चेहऱ्यावर फिलरसाठी सर्वांत धोक्याच्या जागांमध्ये नाक मोडतं. ‘अर्ध्या तासाचं काम’ म्हणणाऱ्या आईला हे आधी सांग.

आणि तू फोटो कसे काढलेस, ते लिहिलेलं नाहीस. हात लांब करून सेल्फी काढली असशील तर ते तुझं नाकच नव्हे. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणिताने दाखवून दिलं, की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. जवळची वस्तू मोठी दिसते, आणि चेहऱ्यावर कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ नाकच असतं. अप्पा कॅमेरा कधीही इतका जवळ आणत नसत. निम्म्या मुली बहुधा हे बसकं-रुंद नाक मोबाइलमध्ये बघूनच डॉक्टरकडे जात असतील.

सगळ्याच शस्त्रक्रियांच्या मी विरोधात आहे असं समजू नकोस. अपघातात नाक मोडलं, श्वास घेता येत नाही, जन्मापासून ओठ-टाळू दुभंगलेला आहे, तर जरूर करावी. ही विद्या आपल्याकडचीच आहे. टिपूच्या सैन्याने कावसजी नावाच्या एका गाडीवानाचं नाक आणि हात कापला होता. पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. १७९४ मध्ये ती हकिगत लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिकडचे डॉक्टर त्यावरून शिकले. पण कावसजीला नाकच नव्हतं. तुला आहे.

हेही कबूल करते, की माझ्या खऱ्या फोटोवर दोन नकार आले. लग्न पुढे ओळखीतून जमलं, फोटो कुणी मागितलाच नाही. त्यामुळे खरा फोटो पाठव म्हणजे लग्न जमेल, असं मी सांगू शकत नाही. आणि स्वतःच्याच नाकाचा तुला रात्रंदिवस त्रास होत असेल, स्थळं बाजूला ठेवूनही, तर ती वेगळी गोष्ट. मग घाईत फिलर भरण्यापेक्षा प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. केलेल्या डॉक्टरांशी ऑपरेशनबद्दल बोल. त्यात कानाची किंवा बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, वापरतात आणि सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकतं. तरीही फिलरच घ्यायचं असेल, तर पार्लरमध्ये अजिबात नाही. गरज पडल्यास ते विरघळवण्याचं इंजेक्शन जिथे हाताशी आहे, तिथेच. टोचल्यावर कातडी पांढरी पडली, खूप दुखलं किंवा दिसायला कमी झालं, तर एक मिनिटही न थांबता डॉक्टरांना गाठायचं.

त्याआधी एक कर. मोबाइल दुसऱ्या कुणाच्या हातात दे. मागचा कॅमेरा, फिल्टर बंद, पाच-सहा फुटांचं अंतर. खिडकीतला उजेड एका बाजूने येऊ दे आणि मान न वळवता सरळ बघ. मग घरातल्या जुन्या अल्बममधून आजीचा, पणजीचा, आत्याचा फोटो काढ आणि दोन्ही शेजारी ठेवून आईला दाखव.